हाफ क्लचवर चालवता का हो?

टायर पंक्चर झालं तर लोक खिळ्याला शिव्या घालतात. बॅटरी उतरली तर थंडीला, काच तडकली तर पुढच्या डंपरमधून उडालेल्या खडीला. पेट्रोलमध्ये पाणी निघालं तर पंपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. गाडीच्या प्रत्येक दुखण्यासाठी आपल्याकडे एक बाहेरचा गुन्हेगार तयार असतो. अपवाद क्लचचा. क्लच गेला, असं नुसतं म्हणून बघा. समोरचा माणूस गाडीकडे बघतच नाही. तो तुमच्या डाव्या पायाकडे बघतो.

गाडी जितकी नवी, तितकी ती नजर खोल जाते. दहा वर्षांच्या गाडीचा क्लच गेला तर ‘बिचारीचं वय झालं’ म्हणतात. पाडव्याला घेतलेल्या गाडीचा पंधरा ऑगस्टला गेला, तर प्रश्न गाडीचा राहत नाही, संस्कारांचा होतो.

आमची गाडी नेमकी त्या वयाची होती. सीटवरची प्लॅस्टिकं काढून झाली होती, पण सन वायझरवरची पातळ फिल्म बायकोने ‘राहू दे अजून थोडे दिवस’ म्हणून ठेवली होती. मागच्या काचेवर डीलरचा स्टिकर होता, पुढे डॅशबोर्डवर गणपती होता. शोरूममध्ये पूजा यथासांग झाली होती. चारी चाकांखाली लिंबं चिरडली होती, नारळ वाढवला होता. बंपरचा टवका उडू नये म्हणून तो गाडीपासून हातभर लांब, शोरूमच्या फरशीवर वाढवला, एवढीच काय ती शास्त्राशी तडजोड. 

पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला की पुण्यातली निम्मी माणसं महाबळेश्वरला जातात आणि उरलेली निम्मी ‘आम्ही गर्दीत जात नाही’ असं सांगत पाचगणीला जातात. दोघांची गाठ खंबाटकी घाटात पडते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना हा घाट चढावा लागतो. येताना बोगद्यातून सुळकन येता येतं. म्हणजे जाणाऱ्याची परीक्षा आणि येणाऱ्याची मजा, अशी सरकारी वाटणी आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या चढावर मालाने भरलेले ट्रक डावी लेन सोडून मधल्या लेनमध्ये येतात, ते ट्रक ओलांडू पाहणारे ट्रक उजव्या लेनमध्ये येतात आणि त्यांच्यामागे महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही उभी राहतात.

चढावरच्या अशा गर्दीत गाडी कशी चालवावी, याचं शास्त्र सोपं आहे. थांबलात की हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला टाका, पाय क्लचवरून काढा. पुढे चांगली जागा झाली की मगच पहिला टाकून निघा. शास्त्रात फक्त एक अडचण आहे. पुढे ‘चांगली जागा’ होईपर्यंत थांबलात, की त्या जागेत आधी एक बुलेट येते, मग तिच्या शेजारी एक स्कूटर, मग कोपरा घालून एक टेम्पो ट्रॅव्हलर. म्हणून सगळा महाराष्ट्र घाटात हाफ क्लचवर उभा असतो. पाय अर्धा दाबलेला, इंजिन किंचित रडतंय, गाडी ना पुढे ना मागे. यात क्लचची प्लेट घासत राहते, तापते आणि तिच्या अस्तराचा तो वास सुटतो, ज्याला एकदा हुंगल्यावर माणूस जन्मात विसरत नाही. त्या सकाळी अख्ख्या खंबाटकीला तो वास येत होता. या वासाचं वैशिष्ट्य असं, की त्याला मालक नसतो. प्रत्येक जण काच वर करून पुढच्या गाडीकडे बघतो.

मी स्वतः हँडब्रेकवाला माणूस आहे. यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत. ‘तू त्या ट्रॅव्हलरला जागा देण्यासाठीच गाडी घेतलीयस का’ असं बायको विचारते. ही नोंद इथे करून ठेवतो, कारण पुढे ती कुणीही करून घेतली नाही.

दुसऱ्या वळणाच्या आसपास मी क्लच दाबला. पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. आवाज नाही, खटका नाही, काही नाही. बुटाचं टोक पेडलखाली घालून ते वर उचललं, तर निमूट वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. तेवढ्यात डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. पुढचा ट्रक थांबला, मी ब्रेक मारला, गाडीने एक गचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

मागच्या सीटवर सासरे झोपले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वीज मंडळात हयात गेलेली असल्यामुळे काहीही बंद पडलं की त्यांना आपोआप जाग येते.

“काय झालं?”

“क्लच गेला वाटतं, अण्णा.”

गाडीत शांतता पसरली. सासूबाईंनी शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. अण्णांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि अत्यंत मायेने विचारलं, “तुम्ही हाफ क्लचवर चालवता का हो?”

हा प्रश्न पुढे मला सगळ्यांनी विचारला, पण अण्णांनी विचारला तेव्हा त्यात गाडीपेक्षा मुलीची काळजी जास्त होती.

मागच्या ट्रकचा क्लीनर तोवर उतरून आला होता. त्याने काही न विचारता मागच्या चाकाला दगड लावला. मग खिडकीतून डोकावून म्हणाला, “पहिल्यात टाका आन् तसाच सेल मारा. निघंल ती.” इंजिन बंद असताना गिअर पडतो, आणि गिअरमध्ये असताना सेल मारला की स्टार्टर मोटरच गाडी ढकलते. आताच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल घेत नाहीत. पण आमचं पेडल तर दाबलेलंच होतं, कायमचं. गाडी ढेकर दिल्यासारखे आवाज काढत, उड्या मारत डाव्या कडेला आली. तिथे एक कणीसवाला बसला होता. शेगडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस, आणि शेजारी चाकांना लावायच्या दगडांचा एक व्यवस्थित रचलेला ढीग. त्या ढिगावरून त्याचा अनुभव कळत होता.

“क्लच गेला जनू, पावनं,” तो म्हणाला.

“हो. पण वास वगैरे काही आला नाही.”

“वास तर येतूय की.”

“तो माझा नाही.”

“समदे असंच म्हणत्यात,” असं म्हणून त्याने कणसावर लिंबू फिरवलं. 

आता थोडं त्या यंत्राबद्दल सांगायला हवं. इंजिन एकदा सुरू झालं की फिरत राहतं, थांबायचं त्याला ठाऊक नाही. चाकांना मात्र दर चौकात थांबायचं असतं. भांडण झालेल्या दोन भावांमध्ये निरोप नेणारी आत्या असते ना, तसा या दोघांमध्ये क्लच असतो. पेडल सोडलेलं असताना क्लचची प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर घट्ट दाबलेली असते आणि दोघं एकत्र फिरतात. पेडल दाबलं की तो दाब सुटतो, प्लेट मोकळी होते, इंजिन आपलं फिरत राहतं आणि चाकं थांबतात. एवढाच खेळ.

यातून दोन अगदी उलट आजार होतात. प्लेट घासून किंवा जळून गेली, तर ती धरत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिन ओरडतं, काटा वर जातो आणि गाडी जागची हलत नाही. हा हाफ क्लचवाल्यांचा आजार. दुसरा आजार असा, की प्लेट धरते पण सुटतच नाही. पेडल दाबून उपयोग होत नाही, गिअर पडत नाही, थांबायला गेलं की इंजिन बंद पडतं. यात प्लेटचा काही दोष नसतो. पेडलपासून प्लेटपर्यंत निरोप पोचवणारी जी व्यवस्था असते, ती मेलेली असते. सर्दी आणि मोडलेला पाय यांत जेवढा फरक, तेवढा या दोहोंत आहे. पण आपल्याकडे दोहोंचं नाव एकच: क्लच गेला. आणि क्लच गेला म्हटलं की निदान एकच.

मला हे त्या क्षणी सुचलं होतं असं नाही. सुचलं बायकोला. ती गाडीखाली वाकून बघत होती. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये काहीतरी ठिबकत होतं. अण्णांनीही वाकून पाहिलं आणि निकाल दिला, “एसीचं पाणी आहे ते.” बायकोने दोन बोटं त्या थेंबाखाली धरली, अंगठ्याला चोळली आणि म्हणाली, “अण्णा, एसीचं पाणी बुळबुळीत असतं का?” 

ते ब्रेक ऑइल होतं. हल्ली बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लच यांचं ऑइल एकाच डबीतून जातं. क्लचची नळी त्या डबीला जरा वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकपुरतं ऑइल तळाला शिल्लक राहतं. गळती सुरू झाली की पातळी उतरते आणि तो उद्गारचिन्हाचा दिवा लागतो. ज्या कुणा इंजिनिअरने ती नळी चार बोटं वर ठेवली, त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले. दरी डाव्या हाताला होती.

मग मदतीच्या नंबरावर फोन केला. नव्या गाडीबरोबर ही सेवा फुकट असते, आणि ती देणारी मुलगी कुठल्या तरी दूरच्या शहरातून अतिशय गोड हिंदीत बोलते.

“सर, आप सेफ जगह पर हैं?”

“घाट में हूँ.”

“नजदीक में कोई लँडमार्क, सर?”

मी आजूबाजूला पाहिलं. “दरी.”

“डेरी?”

“खाई. व्हॅली.”

“ओके सर, व्हॅली. सर, प्रॉब्लेम क्या है?”

“क्लच.”

फोनवर की-बोर्डचा आवाज थांबला. मग तीच मुलगी, त्याच गोड आवाजात: “सर, आप हाफ क्लच पे तो नहीं चला रहे थे?”

टोचनची गाडी पुण्याकडून त्याच गर्दीतून येणार होती, म्हणजे आमच्यामागे जी काही महाबळेश्वरं उभी होती ती सगळी ओलांडून. तोवर घरचे फोन सुरू झाले. मेहुणा दिल्लीला असतो, पण सल्ल्याला अंतर आडवं येत नाही. “दाजी, मी तेव्हाच म्हणत होतो, ऑटोमॅटिक घ्या. क्लचची भानगडच नको.”

हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं जातं, की त्याला उत्तर देणं उद्धटपणाचं वाटतं. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून जी स्वस्त ऑटोमॅटिक पद्धत आली, तिला एएमटी म्हणतात. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो आणि साधाच क्लच असतो. फक्त तो दाबायला तुमच्या पायाऐवजी एक यंत्र बसवलेलं असतं. घाटात ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तोही क्लच घासतो, तापतो, तसाच वास सोडतो. फरक इतकाच, की तो गेला तर सासऱ्यांना विचारायला पाय उरत नाही. या एका कारणासाठी मात्र ऑटोमॅटिक घ्यायला हरकत नव्हती.

अण्णा मात्र जुन्या काळात शिरले होते. त्यांच्याकडे मारुती ८०० होती. १९८३ साली ही गाडी आली, तेव्हा तिच्या क्लचचं पेडल एक वायर ओढायचं. सायकलच्या ब्रेकला असते तशी, फक्त जाड. ती तुटायची. खुशाल तुटायची. पण तुटली की दिसायची, आणि दिसली की बदलता यायची. अण्णा डिकीत स्टेपनीशेजारी एक वायर गुंडाळून ठेवत. “पाली-खोपोलीच्या मध्ये तुटली होती एकदा. मेकॅनिकने रस्त्यावर आडवं पडून बदलली, वर चहा आम्हीच पाजला.” त्यानंतर हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी पद्धत आली. पेडल हलकं झालं, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गुडघे वाचले, हे खरं. पण वायरच्या जागी आलेलं स्लेव्ह सिलिंडर आता काही गाड्यांत थेट गिअरबॉक्सच्या घंटेत, शाफ्टभोवती बसवतात. बाहेरून दिसत नाही, हात पोचत नाही. त्याची रबरी सील चिरली, तर ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील तळहातावर मावते. काम दिवसभराचं.

“आमच्या वेळी,” अण्णा म्हणाले, पण तेवढ्यात टोचनची गाडी आली.

ती फ्लॅटबेड होती, म्हणजे आपली गाडी वर चढवून पाठीवर नेणारी. घाट एकमार्गी असल्यामुळे पुण्याला परत जायचं तर आधी साताऱ्याकडेच जावं लागतं: घाट चढा, पलीकडे उतरा, वळसा घ्या आणि मग बोगद्यातून परत या. म्हणजे आमच्या गाडीने खंबाटकी पूर्ण चढली, फक्त दुसऱ्याच्या पाठीवर बसून. परतताना डॅशबोर्डवरचा गणपती मागे तोंड करून महाबळेश्वरकडे बघत होता. फ्लॅटबेडच्या ड्रायव्हरने पट्टे आवळता आवळता विचारलं, “नवीनच आहे की! कुणी चालवत होतं?” बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. तो काही बोलला नाही. न बोलणारा तो पहिलाच, म्हणून मला तो जास्त लागला.

सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. एसी होता, कॉफीचं मशीन होतं, टीव्हीवर त्याच गाडीची जाहिरात होती. त्यात एक कुटुंब हसत हसत डोंगर चढत होतं. सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण होता, टापटीप होता आणि गाडी न बघताच त्याचं निदान तयार होतं.

“सर, ड्रायव्हिंग हॅबिट.”

“तुम्ही गाडी पाहिलीत?”

“सर, या केसेस आम्ही रोज बघतो. घाट, ट्रॅफिक, हाफ क्लच. प्लेट जळते. प्लेट वेअर अँड टेअरमध्ये येते, सर, वॉरंटीत नाही.” मग त्याने जरा आवाज खाली आणून, माझ्यावर उपकार करत विचारलं, “मॅडमही चालवतात का गाडी?”

हा प्रश्न विचारण्याआधी त्याने मॅडमकडे पाहायला हवं होतं.

“प्लेट जळली असती,” बायको म्हणाली, “तर गाडी चालली नसती. इंजिन नुसतं ओरडलं असतं. आमची गाडी सेल मारल्यावर इंजिनशिवायच पुढे गेली. म्हणजे प्लेट धरतीय. सुटत नाहीय. पेडल वर येत नाही, खाली ऑइल गळतंय, लाल दिवा लागलाय. यात हॅबिट कुणाची, सांगा.”

तो तरुण क्षणभर थांबला. त्याच्या प्रशिक्षणात ग्राहक बोलतो हे होतं, ग्राहकाची बायको निदान करते हे नसावं. “मॅडम, उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.”

“मग आत्ता काय सांगत होता?”

उघडून बघण्यासाठी आधी सही लागते. कागदावरचा मजकूर सुंदर होता. गिअरबॉक्स उतरवायचा, आत बघायचं. बनावटीचा दोष निघाला तर खर्च कंपनीचा, आणि प्लेट जळालेली निघाली तर उतरवण्या-चढवण्यासकट सगळा खर्च ग्राहकाचा. म्हणजे शवविच्छेदनाचा खर्च निकालावर अवलंबून. मी सही केली. मी सही करत असताना एक दुसरा तरुण माझ्यासमोर रंगीत पत्रक ठेवून गेला. मुदत वाढवलेली वॉरंटी, सणानिमित्त खास सवलतीत. मी विचारलं, “यात क्लच येतो का?” तो प्रामाणिक होता. “नाही सर. पण मनःशांती येते.”

दोन दिवसांनी ॲडव्हायझरचा फोन आला. आवाज बदलला होता. पहिल्या दिवशी त्यात जो न्यायाधीश होता, तो रजेवर गेला होता.

“सर, प्लेट ओके आहे. म्हणजे जळलेली नाही.”

“मग?”

“स्लेव्ह सिलिंडरची सील लीक आहे. ते वॉरंटीत होऊन जाईल.”

मी फोन कानापासून लांब धरून बायकोला खूण केली. तीही खूश झाली. अण्णांना कळवायचं म्हणून मी दुसऱ्या हाताने दुसरा फोन उचललासुद्धा.

“फक्त सर, एक आहे.”

क्लचच्या व्यवहारात ‘फक्त सर’ या शब्दांना फार किंमत आहे.

“सिलिंडरचं ऑइल प्लेटवर उडालंय. प्लेट भिजलीय. भिजलेली प्लेट पुन्हा बसवता येत नाही, ती घसरणार. नवीन टाकावी लागेल. आणि प्लेट, तुम्हाला माहीतच आहे सर, वेअर अँड टेअर.”

म्हणजे असं: गळलं कंपनीचं सिलिंडर, भिजली माझी प्लेट. गुन्हेगार वॉरंटीत, मयत वॉरंटीबाहेर. मी विचारलं, “शेजाऱ्याच्या टाकीचं पाणी माझ्या घरात आलं तर रंगाचा खर्च मी करायचा का?” तो म्हणाला, “सर, पॉलिसी तशी आहे.” पॉलिसी ही गोष्ट वादात हरत नाही, कारण ती वादाला येतच नाही.

हा किस्सा मी सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून सांगत होतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त वकीलसाहेब दुधाची पिशवी घेऊन थांबले. मी म्हणालो, ग्राहक मंचात जाईन. त्यांनी आधी मला सुधारलं. “मंच गेला. आता आयोग म्हणायचं. २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. जिल्हा आयोगात जायचं. पन्नास लाखांपर्यंतची वस्तू तिथेच. आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यांच्या हेड ऑफिसला जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं.” मग पिशवीतून दूध गळतंय याकडे दुर्लक्ष करत ते म्हणाले, “त्याआधी १९१५ वर फोन करा. फुकट आहे. आणि एक लक्षात ठेवा, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली ती कुठे? पुण्यातच. आपण माघार घ्यायची नाही.” मला आवेश चढला. निघताना त्यांनी विचारलं, “बाकी, तुम्ही हाफ क्लचवर चालवत नाही ना?”

मी कंपनीला ईमेल लिहिलं. खरं म्हणजे बायकोने लिहिलं, मी त्यातली दोन विशेषणं काढली. सिलिंडर सदोष आहे हे तुमच्याच कागदावर आहे, प्लेट त्या दोषामुळे खराब झाली हे तुमच्याच माणसाने फोनवर सांगितलं आहे, तर एकाची भरपाई देऊन दुसऱ्याची नाकारणं कुठल्या तर्काने, एवढंच विचारलं होतं. सोबत फोटो जोडले: ओली प्लेट, तिच्या अस्तरावर चकाकणारं ऑइल, आणि कोपऱ्यात मेकॅनिकचा काळा अंगठा. प्लेटच्या अस्तरावर बारीक चऱ्या असतात, त्या अजून कोऱ्या होत्या. हा माझ्या डाव्या पायाच्या निर्दोषत्वाचा एकमेव लेखी पुरावा. तो फोटो मी अजून मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे आणि मागितला नाही तरी दाखवतो.

उत्तर आलं. कंपनीला माझ्या गैरसोयीबद्दल खेद होता. नियमानुसार प्लेट वॉरंटीत येत नव्हतीच. परंतु माझ्यासारख्या मोलाच्या ग्राहकाशी असलेले संबंध ध्यानात घेता, सदिच्छा म्हणून, केवळ एकदाच आणि पुढे दाखला म्हणून वापरता येणार नाही अशा अटीवर, प्लेटचे निम्मे पैसे कंपनी सोसेल. मजुरी माफ. वकीलसाहेब म्हणाले, घेऊ नका, लढा. अण्णा म्हणाले, घ्या, निम्मे तर निम्मे. बायको म्हणाली, निम्मी प्लेट म्हणजे हाफ क्लचच की. मी पैसे भरले. गणपती आठवड्यावर आले होते आणि मखर आणायला गाडी हवी होती.

गाडी आणायला गेलो तेव्हा पेडल कसं मऊ, वेळच्या वेळी वर येणारं झालं होतं. बाहेरून धुऊनही दिली होती. धुताना सन वायझरवरची फिल्मही कुणीतरी उत्साहाने काढून टाकली होती. ॲडव्हायझरने जॉब कार्ड पुढे केलं. मी चष्मा लावून वाचलं. स्लेव्ह सिलिंडर बदललं. क्लच प्लेट बदलली. ऑइल भरलं, हवा काढली. आणि सर्वांत खाली, इंग्रजीत, ठळक अक्षरांत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की ग्राहकाला क्लचच्या योग्य वापराबाबत समज देण्यात आली आहे.

“हे काय आहे?” मी विचारलं. “दोष सिलिंडरचा होता ना?”

“हो सर.”

“मग समज कुणाला?”

“सर, ती ओळ सिस्टिममधून येते. क्लचचा जॉब उघडला की आपोआप पडते. काढता येत नाही.” मग तो जवळ सरकला. “सर, एक विनंती. कंपनीकडून फोन येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो.”

फोन आला तेव्हा मी सिग्नलला उभा होतो. हँडब्रेक ओढून, न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढून. पलीकडची मुलगी मराठी होती आणि यादी वाचत होती. गाडी वेळेत मिळाली का, बिल समजावलं का, गाडी स्वच्छ होती का.

“सर, आमच्या प्रतिनिधीने आपल्याला क्लच कसा वापरायचा याची माहिती दिली का?”

“तुमच्या प्रतिनिधीने दिली,” मी म्हणालो. “सासऱ्यांनी दिली, मेहुण्याने दिली, वकिलांनी दिली आणि खंबाटकीतल्या कणीसवाल्यानेही दिली.”

ती जरा थांबली.

“म्हणजे ‘हो’ लिहू ना, सर?”

“लिहा,” मी म्हणालो. सिग्नल सुटला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता.